मे महिन्यात चीज मांडायचं तर

चीज वाढण्याआधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा सल्ला वीस-बावीस अंशांच्या खोलीचा. भुसावळला पारा ४४-४५ वर जातो तेव्हा तासाभरात गूडा या घट्ट चीजला तेल सुटतं आणि ब्री हे पांढऱ्या सालीचं मऊ चीज ताटभर पसरतं. दुधातली स्निग्धता तिशीच्या पुढे बहुतेक वितळलेलीच असते, मग दुसरं काय होणार? उन्हाळ्यात चेडर, गूडा यांना बाहेर दहा-पंधरा मिनिटं पुरतात, ब्रीला पाच. जानेवारीतल्या संध्याकाळी पाऊण तास ठेवा, तेव्हा वास आणि चव खरी खुलते. ताटाखाली गार पाण्याची परात ठेवली तर मे महिन्यातही अर्धा तास निभतं. सगळं एकदम मांडू नका, निम्मं फ्रिजमध्येच राहू द्या.

दुकानात आधी पाकिटाची मागची बाजू वाचा. दूध, मीठ, कल्चर (विरजणाचे जिवाणू), एन्झाइम एवढंच असेल तर ते नैसर्गिक चीज. इमल्सिफायर (स्निग्धता आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) दिसलं की प्रोसेस्ड. वनस्पती तेल दिसलं तर ठेवून द्या, स्वस्त असलं तरी. शाकाहारी घरात हिरवा ठिपका बघाच, कारण चीज विरजायचं रेनेट वासराच्या जठरातूनही काढतात. पाकीट फुगलेलं किंवा आत पाणी सुटलेलं असेल तर थंडी मधेच तुटली असावी. फ्रिज रात्री बंद ठेवणारी दुकानं असतातच. चीज सगळ्यात शेवटी घ्या आणि बर्फाच्या पिशवीसोबत आणा, एसटीचा प्रवास असेल तर नक्कीच.

मुरलेल्या गूडात पांढरे कण दिसतात. बुरशी समजून लोक फेकून देतात, पण ते टायरोसिन या प्रथिनातल्या घटकाचे स्फटिक. नखाने खरवडून बघा: स्फटिक कुरकुरतो, बुरशी लोकरीसारखी मऊ लागते. गूडावरचं लाल-पिवळं मेण मात्र काढायचं. ब्रीची पांढरी साल खायची असते. ती अमोनियासारखी उग्र वास मारत असेल तर दहा मिनिटं उघडं ठेवा. तरीही वास राहिला तर टाकून द्या. गरोदर बाईला ब्री आणि ब्लू चीज (निळ्या बुरशीचं) देऊ नये, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो.

सहा जणांना नाश्त्यासाठी तीन प्रकार, प्रत्येक प्रकाराचं दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम पुरे. क्रम सौम्याकडून तीव्राकडे: ब्री, गूडा, चेडर, ब्लू घेतलंत तर ते शेवटी. ब्री मधल्या टोकापासून कडेपर्यंत पाचरीसारखं कापा, म्हणजे साल सगळ्यांच्या वाट्याला येते. मऊ चीज सुरीला चिकटतं, ताणलेल्या दोऱ्याने नीट कापलं जातं.

सोबत बिस्किटांपेक्षा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी सरस. आदल्या दिवशीची पातळ भाकरी तव्यावर मंद आचेवर कडक करा, हाताने तोडा. उडदाचा खमंगपणा चेडरला छान पेलतो. भाजलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापडही चालतात. केळीचे वेफर्स घेतलेत तर बिनमिठाचे, चीजमध्ये मीठ भरपूर असतं. गूडाबरोबर कडक पेरू किंवा वाटाण्याएवढा गुळाचा खडा. पिकलं केळं ब्रीबरोबर देऊ नका, मऊवर मऊ, दाताला काहीच लागत नाही. आणि ठेचा शेवटी! नंदुरबारची मिरची एकदा जिभेवर चढली की मग ब्री आणि खोबरं सारखंच.

उरलेलं चीज बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात, भाजीच्या कप्प्यात ठेवा. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं तर घाम सुटून बुरशी धरते. ब्लूचा डबा वेगळा, नाहीतर त्याची बुरशी शेजाऱ्यांवर चढते. चेडरवर नवी बुरशी आली तर भोवतालचा इंचभर भाग कापून टाका, उरलेलं चालतं. ब्रीवर रंगीत ठिपके आले तर अख्खं टाका. फ्रीझरमध्ये बर्फाचे कण पोत फोडतात आणि चीज भुगा होतं, म्हणून तिथे फक्त किसूनच ठेवा, तेही पराठ्यात घालायला.