बगळ्या बगळ्या कवडी दे

दुपारी जेवून आडवा झालो होतो, झोप काही येईना म्हणून फोनवर जपानी चित्रं बघत बसलो, ती लाकडी ठशांची, आणि ओहारा कोसोनच्या बगळ्यांपाशी येऊन अडकलो. बर्फ पडतोय, मागे काळपट आभाळ, पुढे दोन बगळे. बस्स.

झूम केलं (मला झूम करायची वाईट खोड आहे) तर लक्षात आलं की बगळ्याला रंगच नाहीये. कोरा कागद आहे तो! आजूबाजूचं सगळं छापलंय आणि बगळा तेवढा सोडलाय. पिसं उठवायची तर कोरलेला ठोकळा रंग न लावता नुसताच कागदावर दाबायचा अशी तिकडची रीत, म्हणजे हात फिरवला तर बोटाला पिसं लागणार. हात कोण लावू देतंय म्हणा.

हा कोसोन १८७७ सालचा, कानाझावाचा, गेला १९४५ मध्ये. जन्मभर कावळे, बदकं, चिमण्या, बगळे. पण चित्र काढणारा हा, ठोकळे कोरणारा वेगळा, छापणारा तिसराच, आणि पैसे घालणारा प्रकाशक चौथा. प्रत्येक रंगाला चेरीच्या लाकडाचा वेगळा ठोकळा, कागद जरा सरकला की चोच एकीकडे न् बगळा दुसरीकडे, म्हणून ठोकळ्याच्या कोपऱ्यात खाच ठेवतात, तिथे कागद टेकवायचा. आमच्या भेंडीच्या ठशांना कुठली आलीय खाच, चार फुलांचा एकच चिखल व्हायचा.

पाचवीत मी एकदा बगळा रंगवायला पांढऱ्याची अख्खी बाटली संपवली होती. सर पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, अरे, कागद कुठल्या रंगाचाय? मी म्हटलं पांढरा. ते पुढच्या बाकाकडे गेले. मला वाटलं बरोबर उत्तर दिलं.

त्याच वयात संध्याकाळी गच्चीवर बगळ्यांची रांग दिसली की आम्ही नखांवर नखं घासत ओरडायचो, बगळ्या बगळ्या कवडी दे. नखावर पांढरा ठिपका आला की तो बगळ्याने दिला, विषय संपला. एकीच्या नखांवर सहा होते, तिचा किती भाव!

आत्ता फोन बाजूला ठेवून नखं बघितली. उजव्या अंगठ्यावर एक आहे, बारीकसा. बायको म्हणते दारात आपटला असशील.