बाबांच्या आरएक्सची टाकी

झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि पोटात धस्स झालं. तळाला तांबूस चिखल, बाजूंना गंजाचे पापुद्रे. बाबांची १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० चार पावसाळे कोपरीत आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली उभी होती आणि टाकीत दोनेक लिटर पेट्रोल तसंच राहिलं होतं. ठाणे पूर्वेला खाडी जवळ, हवा कायम दमट. अर्धवट रिकाम्या टाकीत वरच्या मोकळ्या पत्र्याला रात्री पाणी धरतं, त्यात पेट्रोलमधलं इथेनॉलही पाणी ओढून घेतं. आरएक्सच्या टू-टी ऑइलची, म्हणजे पेट्रोलबरोबर जळणाऱ्या इंजिनच्या तेलाची, टाकी वेगळी, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीला आतून तेलाचा हातही लागत नाही.

मेकॅनिक म्हणाला, "दादा, नवीन टाकी टाका ना." मिळते बाजारात, पण मन तयार होईना. या टाकीवर बसून मी शाळेत गेलोय. माझ्या सँडलच्या बकलने पडलेले ओरखडे अजून दोन्ही बाजूंना दिसत होते. आरएक्स १००चं उत्पादन १९९६ मध्येच बंद झालं. आता मूळ पत्रा पुन्हा कुठून आणणार?

सीट काढली, मागचा बोल्ट सोडला, नळी काढली आणि टाकी मागे ओढून सोडवली. शिळं पेट्रोल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून मेकॅनिककडे दिलं, मग आतून साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली. यात घाई करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती आतच बसून राहते. रिकामी दिसणारी टाकीच जास्त धोक्याची.

गंज काढायला किराणा दुकानातून एक किलो लिंबाचं फूल आणलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. टाकी साधारण दहा लिटरची, तेव्हा लिटरला शंभर ग्रॅम. त्याआधी आत पंचवीस नट टाकले, टाकी जुन्या गोधडीत गुंडाळली आणि अर्धा तास हलवली. नट मोजून टाका आणि मोजूनच काढा. माझे दोन आत अडकले होते, ते लोहचुंबकाने ओढून काढावे लागले. मग टाकीखालच्या कॉकचं, म्हणजे पेट्रोलच्या तोटीचं, भोक रबर आणि पट्टी लावून बंद केलं, गरम पाण्यात ॲसिड विरघळवून ओतलं आणि टाकी रात्रभर गच्चीवर ठेवली. सकाळी बाहेर आलेलं पाणी चहासारखं होतं आणि आत करडा, स्वच्छ पत्रा दिसत होता. बाबांना वर बोलावलं. त्यांनी डोळा लावून बराच वेळ आत पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "सोड्याने धू आता, नाहीतर दुपारपर्यंत परत लाल होईल."

सोड्याचं पाणी भरलं आणि खालच्या जोडावर एक थेंब फुगला. सुईच्या टोकाएवढं भोक. इतकी वर्षं ते गंजानेच बुजवून ठेवलं होतं. वागळे इस्टेटला एका गॅसवेल्डिंगवाल्याकडे नेलं. त्याने टाकी उलटी करून पाण्याने जवळजवळ पूर्ण भरली, म्हणजे आत वाफेला जागाच उरली नाही, आणि पितळेचा एक ठिपका लावला. एवढी शांतपणे काम करणारी माणसं कमी पाहिली. घरी आल्यावर ॲसिड आणि सोड्याचा छोटा हात पुन्हा दिला, टाकी हेअर ड्रायरने वाळवली आणि आतून टू-टी ऑइल फिरवून ठेवलं.

रंगाच्या बाबतीत मात्र माझं चुकलं. जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि मी पॅसेजमध्ये स्प्रेच्या डब्याने काळा रंग मारला. तीन दिवस सुंदर दिसत होता. पंपावर पेट्रोल भरताना नोझलमधून चार थेंब सांडले. फडक्याने पुसले तर फडकं काळं झालं आणि झाकणाभोवतीचा रंग सुरकुतला. साधा स्प्रे फक्त सॉल्व्हंट उडून वाळतो, त्यामुळे पेट्रोल लागलं की पुन्हा विरघळतो. टाकीला टू-के पीयू, म्हणजे घट्ट करणारा हार्डनर घालून मारायचा रंगच हवा. हार्डनरची वाफ फुफ्फुसाला वाईट, त्यामुळे तो घरात मारायचा नाही. पेंटरने टाकी हातात घेतली आणि सांगितलं, "ऑक्टोबरमध्ये या. पावसात लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पांढरा पडतो."

ऑक्टोबर येईपर्यंत थांबलो. दसऱ्याला बाबा पूजेसाठी टाकी नसलेल्या गाडीलाच हार घालून आले. तेव्हा फार वाईट वाटलं.

मग एका रविवारी गच्चीवर बसून एकशेवीस नंबरच्या पेपरने सगळा रंग उतरवला. घासताना बकलच्या ओरखड्याभोवती झाडाच्या खोडासारखी वलयं उमटली: माझा स्प्रे, कंपनीचा काळा, त्याखाली प्रायमर आणि मधे चकचकीत पत्रा. तिथे माझा हात थोडा थांबला. कोपरीच्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत गंज धरतो, म्हणून टाकी त्याच संध्याकाळी पेंटरकडे पोहोचवली. इपॉक्सी प्रायमर, डाव्या बाजूच्या पोच्याला पातळ लांबी (पुट्टी), चारशे आणि आठशेचा वॉटर पेपर, काळ्याचे तीन हात, वर स्टिकर आणि त्यावर लॅकरचे दोन हात. पेंटरने निळ्याचा आग्रह केला होता. पण आरसीवर रंग काळा आहे, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि बाबांची गाडी काळीच.

लॅकर पुरता मुरायला आठवडा दिला. मग पाच लिटर टाकलं आणि मुद्दाम झाकणापाशी थोडं सांडू दिलं. फडकं स्वच्छ निघालं. बाबांनी खाली वाकून कॉकखाली बोट फिरवलं, ते कोरडं आहे हे पाहिलं आणि कॉक 'ऑन'ला केला. "सर मागे," म्हणाले, आणि स्वतः किक मारली.