‘अ‍ॅक्विफर’ची उकल

भूजलावरच्या एका इंग्रजी अहवालाचे मराठी भाषांतर करताना मी ‘अ‍ॅक्विफर’ (जमिनीखाली पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर) या शब्दापाशी अडलो. प्रतिशब्द परिभाषेत तयार होता, परंतु मूळ शब्द कसा घडला हे कळल्यावाचून तो वापरणे मला पटेना.

पूर्वपद सोपे होते: लॅटिन ‘आक्वा’ म्हणजे पाणी. आपल्या ‘आप’शी त्याचे नाते असावे असे मनापासून वाटत होते; पण लॅटिन ‘क्व’च्या जागी संस्कृतात ‘क’ किंवा ‘च’ येतो, जसे ‘क्विस’ला ‘कः’ आणि ‘क्वात्तुओर’ला ‘चत्वारः’, हे ध्यानात आल्यावर तो मोह सोडावा लागला. उत्तरपदाने अधिक चकवले. लुइस आणि शॉर्ट यांच्या १८७९ सालच्या लॅटिन कोशात मी ‘फेर्रुम’, म्हणजे लोखंड, या नोंदीवर थांबलो आणि जांभ्या खडकातले लोह आठवून तेच खरे धरून बसलो. लॅटिन कोशात क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनात नोंदवतात, हे समजल्यावर ‘फेरो’ सापडले: ‘मी वाहून नेतो’. हे तर थेट संस्कृत ‘भरामि’. ‘फ्रातेर’ आणि ‘भ्राता’ यांच्यात जसा ‘फ’समोर ‘भ’ उभा राहतो, तसाच इथेही. आपला ‘भार’ याच धातूचा.

तरीही मधली ‘इ’ छळत राहिली, कारण ‘अ‍ॅक्विडक्ट’ इंग्रजीत लिहिताना त्याच जागी ‘ई’ हे अक्षर येते. उत्तर शाळेत शिकलेल्या समासांनी दिले. ‘आक्वाए डुक्टुस’ म्हणजे ‘पाण्याचा प्रवाहमार्ग’. त्यात षष्ठीचा प्रत्यय टिकून आहे, आपल्या ‘सरसिज’मध्ये सप्तमीचा टिकतो तसा, म्हणजे तो विभक्तिप्रत्यय न गळणाऱ्या अलुक् समासासारखा झाला. ‘अ‍ॅक्विफर’मध्ये मात्र विभक्ती नाही, तिथली ‘इ’ केवळ सांधणारा स्वर आहे आणि रचना ‘कुंभकार’सारखी, उपपद तत्पुरुषाची, जिथे दुसरे पद धातूपासून घडते. या उलगड्याने मला झालेला आनंद आजही ताजा आहे.

मग ‘जलधर’ हा प्रतिशब्द मी निःशंकपणे स्वीकारला, कारण त्याची घडण नेमकी तशीच आहे. मात्र जुन्या काव्यात ‘जलधर’ म्हणजे ढग, आणि अहवाल तर विहिरींच्या मालकांनी वाचायचा होता. म्हणून सर्वत्र ‘जलधर खडक’ असे लिहिले.