रंग होता, खाच नव्हती

दुपारची पाळी होती. जुलै महिना, बेळगावजवळच्या मच्छेच्या फाट्यावर उतरून कंपनीच्या गेटपर्यंत येईस्तोवर ओढणी चिंब झाली. क्यूसीच्या, म्हणजे माल तपासायच्या, टेबलावर सकाळपासूनच्या फ्लोअरिंगच्या रोलांचे कापलेले तुकडे ओळीनं मांडलेले होते. हात पुसले आणि सवयीनं शेवटच्या तुकड्यावरून तळवा फिरवला. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ निघून गेला, कुठेच अडखळला नाही. डोळ्यांना मात्र फळी अगदी नेमकी दिसत होती.

आमच्याकडे घरात अंथरायचं छापील विनाइल फ्लोअरिंग बनतं. दुकानात लोक त्याला नुसतं मॅट म्हणतात. त्या आठवड्यात जुन्या सागवानाचं डिझाइन चालू होतं. सागाच्या वार्षिक वाढीत सुरुवातीला मोठी छिद्रं पडतात, आणि फळी उभी चिरली की त्यांच्याच लांबट, गडद खाचा दिसतात. आमच्या छापात ती गडद रेघ जिथे आहे, तिथेच बोटाला खाच लागली पाहिजे. खोली जेमतेम पाव मिलिमीटर, पण सगळा जीव त्यात असतो.

ही खाच कुणी दाबून पाडत नाही. खाच खाली जात नाही, आजूबाजूचा भाग वर येतो. काचतंतूंच्या पातळ थरावर पीव्हीसीची पेस्ट ओततात. तिच्यात ॲझोडायकार्बोनामाइड नावाची पिवळी पूड असते. तापली की ती फुटून नायट्रोजनसारखे वायू सोडते आणि थर तव्यावरच्या भाकरीसारखा फुगतो. ही पूड एकटी असली तर 200 अंशांच्या पुढे फुटते. सोबत झिंक ऑक्साइड असलं की बऱ्याच कमी उष्णतेला. गंमत छपाईत आहे. गडद रेघांच्या शाईत आम्ही एक रोधक द्रव्य मिसळतो. ते शाईतून खालच्या थरात झिरपतं, झिंकला निकामी करतं आणि तेवढ्या रेघेखालचा थर फुगत नाही. वरून पारदर्शक थर चढवून माल ओव्हनमध्ये गेला की रेघ तिथेच राहते आणि बाकीचं वर उठतं. कोरीव रोलर दाबूनही पोत उठवता येतो, पण गरम विनाइल ताणलं जातं, दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी रेघ एकीकडे आणि खाच दुसरीकडे. इथे रंग आणि खाच एकाच शाईतून येतात, त्यामुळे त्यांची ताटातूट होऊच शकत नाही. 1966 साली अमेरिकेत काँगोलियम-नेर्न कंपनीला या पद्धतीची पेटंटं मिळाली. ती युक्ती पहिल्यांदा समजली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पण त्या दिवशी ताटातूट झाली होती. रंग होता, खाच नव्हती.

छपाईवर गोकाकच्या बाजूचा एक ऑपरेटर होता, वयानं माझ्याहून लहान. त्याला बोलावून तुकडा दाखवला. तो उजेडात धरून म्हणाला, "बण्ण बरोबरी ऐति, अक्का." रंग बरोबरच होता. मी ट्यूबलाइट बंद केली आणि टॉर्च टेबलालगत आडवी धरली. सकाळच्या पहिल्या तुकड्यावर प्रत्येक खाचेला सावली पडली. शेवटचा तुकडा सपाट. मग खोली मोजायचं डायल गेज लावलं, चार रोलांचे चार आकडे मिलिमीटरमध्ये : 0.24, 0.19, 0.11, 0.05. खोली एकदम गेली नव्हती, रोलागणिक आटत गेली होती.

सुपरवायझरसाहेबांनी ओव्हनवर ठपका ठेवला. ते चूक नव्हतं, कारण उष्णता वाढली की रोधकाचंही काही चालत नाही आणि रेघेखालचा थरसुद्धा फुगतो. चार अंश कमी केले. सगळाच पृष्ठभाग खाली बसला, खाचा काही आल्या नाहीत. त्यात अर्धा तास गेला.

मग मी ब्लेडनं तुकडा आडवा चिरला आणि भिंगाखाली धरला. न फुटलेली पूड थराला पिवळट ठेवते, फुटली की थर पांढरा होतो. सकाळच्या तुकड्यात गडद रेघेखाली पिवळट पट्टा होता. शेवटच्यात सगळं पांढरंशुभ्र. उष्णता जास्त की रोधक कमी, एवढाच प्रश्न उरला. म्हणून छापलेला पण न फुगवलेला माल घेतला, एक तुकडा सकाळचा, एक आत्ताचा. दोन्ही लॅबच्या छोट्या ओव्हनमध्ये शेजारी शेजारी ठेवले, तीच उष्णता, तेवढीच मिनिटं. सकाळच्याला खाचा आल्या, दुसऱ्याला नाहीत. मोठा ओव्हन निर्दोष होता.

मी आणि तो ऑपरेटर शाईच्या टाकीकडे धावलो. ढवळणीची मोटर घूं घूं करत होती. झाकण उघडलं तर दांडा जागच्या जागी उभा. जोडावरचा स्क्रू सैल होऊन मोटर नुसती फिरत होती. रंगद्रव्य बारीक, ते शाईत तरंगत राहिलं. रोधकाचे कण जड, ते खाली बसत गेले. पट्टीनं तळ खरवडला तर घट्ट श्रीखंडासारखा साका वर आला. रोलरला दिवसभर रंग मिळत होता, रोधक नाही.

"ताई, रंग तर छान आलाय. हे चार रोल जाऊ दे की, हात लावून कोण बघतंय?" सुपरवायझरसाहेब म्हणाले. त्यांच्यावर डिस्पॅचचा ताण होता, मला कळत होतं. पण मी सही केली नाही. जमीन हातानं कुणी बघत नाही, पायानं बघतात. माझं गाव जांबोटीच्या बाजूचं. घरात आई शेणानं सारवायची, तेव्हा तिच्या बोटांच्या अर्धगोल रेघा वाळल्यावर तशाच राहायच्या. दिवे गेलेल्या पावसाळी रात्री अनवाणी पायाला त्या रेघा लागल्या की ओसरी संपून माजघर सुरू झालं हे कळायचं. सागवान म्हणून मॅट विकत घेणाऱ्या बाईच्या पायाला गुळगुळीत प्लास्टिक लागू द्यायचं, हे मला जमणार नव्हतं.

लाल चिठ्ठ्या लावून दोन रोल बाजूला ठेवले. 0.24 आणि 0.19 वाले मर्यादेत बसत होते, ते सोडले.

टाकी रिकामी करून शाई मिक्सरवर घेतली, गाळली, पुन्हा भरली. ढवळणीच्या दांड्यावर त्या पोरानं पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला आणि झाकणाला भोक पाडून वर पारदर्शक पत्रा बसवला, म्हणजे दांडा फिरतोय की नाही हे येता-जाता दिसावं. ही कल्पना त्याचीच. मी फक्त तक्त्यात एक रकाना वाढवला : टाकीच्या वरची शाई आणि तळाची शाई, दोन्हींचे नमुने दर दोन तासांनी.

लाइन सुरू झाली तेव्हा साडेआठ वाजले होते. पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ओव्हनमधून आलेला पहिला मीटर गार व्हायच्या आधीच त्यानं कापला आणि अंगठ्याचं नख त्यावर आडवं ओढलं. मग दोन पावलं पुढे येऊन माझ्या कानाशी ओरडला, "ईग बंतु, अक्का!" आत्ता आली, म्हणत होता. मी हात पुढे केला. तळवा अडखळत गेला.