सरांचं झाड

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्यात मी, आणि ज्यांनी दिल्यात त्यांना माहितीये, स्मरणचित्राला आपण तीन माणसं पाठ करून जायचो, एक पाठमोरा, एक छत्रीवाला, एक पिशवीवाली बाई, मग विषय बसस्टॉप असो नाहीतर भाजीबाजार. ती खोड वीस वर्षांनी रविवारच्या स्केचिंग क्लासात परत उफाळून आली.

सर माणूस चांगला, हात तर असला की बघत राहावं. पण समजावून सांगायच्या ऐवजी ते सरळ आमच्या कागदावरच झाड काढून द्यायचे. सिक्स बी पेन्सिल आडवी धरून झोके झोके, खोडाला मधेच दोन गॅप, बुंध्याशी एक काळा फटका, झालं झाड! वडही तोच, गुलमोहरही तोच, नारळ तेवढा वाचला. एकदा आम्ही पंधराजण पुण्याच्या मंडईत बसलो होतो, १८८६ ची ती दगडी इमारत, मधे अष्टकोनी मनोरा, शेवटी सगळ्या वह्या कट्ट्यावर मांडल्या तर मला माझी वहीच सापडेना. खरंच सापडेना, चहाच्या डागावरून ओळखली. इतकी चिडले की कुणाचंही काहीही बघायचं नाही असं ठरवलं, हा मूर्खपणा तीन महिने केला, आणि त्यात सरांचं झाड उलट जास्तच पक्कं बसलं, कारण डोक्यात नवीन काही जातच नव्हतं.

सुटका झाली ती मुंबईत, कुलाब्याला. तिथल्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, ही गर्दी, पण एक माणूस दुसऱ्यात घुसत नाही. का, ते बघत बसले. एकाच्या कपड्यांवर नक्षी भरलेली, की शेजारचा कोरा! तेवढंच उचललं. ते बटबटीत डोळे उचलले असते तर मंडईतल्या मावश्या थेट मडगावच्या दिसल्या असत्या. आता माझ्या गर्दीत चौकडीचं लुगडं असतं, त्याला लागून कोरा सदरा, मागे गोणपाटाची जाळी.

हो, एक राहिलं, कॉपी करायची वही वेगळी ठेवा. आर. के. लक्ष्मणांचे कावळे मी आठवडाभर गिरवले, मग वही कपाटात टाकून गच्चीवरचा कावळा समोर बघून काढला. त्यांचं फारसं काही उरलं नव्हतं, फक्त मानेचा तो एका दमातला जाड फटकारा. तो ठेवलाय.

झाडाला मात्र दीड वर्ष लागलं. परवा एका पिंपळाखाली बसले आणि पानं काढलीच नाहीत, पानांमधून दिसणारे आभाळाचे तुकडे तेवढे काढत गेले. चाळीस मिनिटं गेली, दिसायला बेंगरूळ, पण पिंपळच. सर मागून आले, बराच वेळ बघितलं, म्हणाले "इथे जरा..." आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला. मी वही मिटली आणि दोन चहा सांगितले.