रुंद गल्ली, अरुंद गल्ली

चीनमधल्या चेंगडूला चार दिवस होतो. पांडा पाहिले, लेशानचा ७१ मीटर उंच बुद्ध पाहिला. पण घरी आल्यापासून मनात घोळतंय ते तिथल्या क्वान-झाय गल्ल्यांमधलं एक लाकडी दार.

क्वान-झाय म्हणजे रुंद आणि अरुंद. या दोन गल्ल्या आणि जोडीला तिसरी, विहिरीची. अठराव्या शतकात झुंगार या मंगोल टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेनंतर, तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या फौजेतले काही सैनिक कायमचे इथे ठेवले, त्यांच्या छावणीचा हा उरलेला तुकडा. डागडुजी होऊन २००८च्या जूनमध्ये, तिथल्या मोठ्या भूकंपानंतर महिनाभराने, गल्ल्या लोकांसाठी खुल्या झाल्या. करड्या विटांच्या भिंती, मध्ये अंगण आणि चारी बाजूंनी खोल्या. आपल्या चौसोपी वाड्यासारखंच. एका भिंतीत घोडा बांधायचा दगड अजून आहे, दोरीने घासून गुळगुळीत झालेला. मी त्यावरून बराच वेळ हात फिरवला.

बाकी शनिवारची दुपार असह्य होती. खांद्याला खांदा, जिकडेतिकडे तिखट तेलाचा वास आणि कान कोरणाऱ्यांच्या चिमट्यांचा टणटणाट. बहुतेक जुने रहिवासी डागडुजीच्या वेळीच दुसरीकडे गेले. घरांची दुकानं झाली.

तरी एक दार राहतं होतं. आत दोरीवर पायमोजे वाळत होते. पाठ वाकलेल्या एक आजी भाजीची जुडी घेऊन आल्या आणि पाच-सात मोबाईल वर झाले. त्यातला एक माझा. आजींनी जुडी तोंडासमोर धरली, उंबरा ओलांडला आणि आतून कडी घातली. ती कडी मला स्पष्ट ऐकू आली. फोटो मी तिथेच पुसला, पण काढला होता हे खरंच. माझ्या आजीच्या दारात कुणी असं केलं असतं तर मी भांडले असते.

तिथून चालतच पीपल्स पार्कात गेले. १९२३पासून चालू असलेलं हेमिंग चहाघर तिथे आहे. बांबूच्या खुर्च्या, झाकणाच्या वाटीतला चहा. शेजारच्या टेबलावरच्या बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. माझी वाटी रिकामी झालेली पाहून त्यांनी काही न बोलता माझं झाकण उचललं आणि बशीला तिरकं टेकवून ठेवलं. मिनिटाभरात किटलीवाला आला, गरम पाणी ओतून गेला. बाईंनी मान हलवली आणि मूठभर बिया माझ्या पुढ्यात सरकवल्या.