अण्णांबरोबर सिंहगड: उतरायचं कसं, ते आधी ठरवा

अण्णा ७३ वर्षांचे आहेत. नोकरीत असताना जवळजवळ दर रविवारी सिंहगड चढायचे, पण गेल्या सहा वर्षांत एकदाही गेले नव्हते. "सत्तरीचे आजोबा तिथे रोज चढतात, काही होत नाही," असं मला निदान चार जणांनी सांगितलं. ते खोटं नाही. पहाटे पायथ्याच्या आतकरवाडीतून गडावर जाणाऱ्या पायवाटेवर पांढऱ्या केसांची माणसं आपल्याला मागे टाकून सरळ निघून जातात. पण त्यांचा पायांचा सराव कधी तुटलेलाच नसतो, हे कोणी सांगितलं नाही. आणि उतरण्याबद्दल तर कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

फेब्रुवारीतला रविवार. पहाटे पावणेसहाला पायथ्याहून निघालो, पावणेआठला पुणे दरवाज्यात. वाट पावणेतीन किलोमीटरची, चढ साधारण ६०० मीटरचा. दर पंधरा मिनिटांनी थांबलो. चालताना अण्णांना सलग बोलता येतंय का, एवढंच मी बघत होते, आणि ते सबंध वाटभर बोलत होते. दम लागला नाही, छातीत काही नाही. मी फार खूश झाले, आणि तिथेच फसले. चढताना माणूस ठणठणीत दिसला म्हणजे तो उतरेलही नीट, असं अजिबात नाही. चढताना कस लागतो दमाचा. उतरताना सगळं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूंना आणि गुडघ्यांना तोलावं लागतं, आणि त्यांच्यात किती ताकद शिल्लक आहे हे वर बसून कळत नाही.

दुसरी गोष्ट वर पोहोचल्यावर कळली. अण्णांची पाण्याची बाटली भरलेलीच होती. "तहानच लागली नाही गं," म्हणाले. खोदून विचारल्यावर हळूच म्हणाले, "मध्येच जावं लागलं तर वाटेत सोय कुठाय?" प्रोस्टेटचा त्रास असल्यामुळे ते मुद्दामच पीत नव्हते. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते ती वेगळीच. तुमच्या घरातल्या मोठ्यांना हे निघायच्या आधी, चारचौघांत नाही तर एकट्यात विचारा. आणि प्रत्येक थांब्यावर दोन घोट तुमच्यासमोर प्यायला लावा. रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर किती पाणी, गोळी कधी, हे डॉक्टरांना विचारूनच निघा.

गडावरचे दोन तास छान गेले. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, तानाजी मालुसऱ्यांची समाधी, देवटाकं. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

उतरताना जीपने यायचं, असं आमचं ठरलं होतं. सकाळी खाली चौकशी केली तेव्हा माणशी ऐंशी रुपये सांगितले होते. दहा वाजता वरच्या गाडीतळावर तेच दीडशे झाले. तेही गाडी भरली तर, नाहीतर पूर्ण गाडीचे दीड हजार. घाटात गाड्या अडकल्या आहेत, कधी पोहोचू सांगता येत नाही, हे वर. मी वाद घातला. अण्णा म्हणाले, "ही लूट आहे, चल, चालत जाऊ." मला त्यांना थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, कारण मलाही रागच आला होता. तुम्ही ही चूक करू नका. मोठं माणूस बरोबर असेल तर जीपवाला मागेल ते द्या, खाली येऊन भांडा.

आता तो टप्पा. वरचा खडकाचा भाग हाताने धरून उतरता येतो, त्याची भीती नाही. त्याच्या खाली, पाऊस जाऊन गवत वाळलं की वाटेवर मुरमाचा घसारा तयार होतो. लिंबाएवढे सुटे दगड, खाली कडक माती, धरायला काही नाही. ऊन थेट डोक्यावर. तिथे अण्णांची उजवी मांडी थरथरायला लागली. पँटच्या कापडातून दिसत होती. तिसऱ्या पावलाला घसरून ते बसले. लागलं नाही, पण नंतर उठून पाऊल टाकायचा धीरच होईना. मी पुढे उभी राहून त्यांचा हात ओढत होते, त्याने त्यांचा तोल आणखीच जात होता.

डोक्यावर काकडीची पाटी घेऊन एक मावशी वर येत होत्या. त्या थांबल्या. मला म्हणाल्या, "ताई, वडू नका त्यास्नी." आणि अण्णांना करून दाखवलं: नाकासमोर उतरायचं नाही, वाटेला आडवं व्हायचं. आधी काठी खाली, मग दुखरा पाय, मग चांगला. मी एक पाऊल खाली उभं राहायचं आणि खांदा द्यायचा, धरायचं की नाही ते अण्णा बघतील. चढताना मात्र चांगला पाय आधी. एवढ्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. त्या घसाऱ्याला आम्हाला पाऊण तास लागला, आणि एकूण उतरायला दोन तास चाळीस मिनिटं. चढण्यापेक्षा जास्त.

माझं स्पष्ट मत: सराव तुटलेल्या वडीलधाऱ्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर या वाटेने उतरवू नका. सकाळी चालत चढवा, खाली गाडीने आणा. रविवारी तर नकोच, कारण खडकवासल्यापासून घाटापर्यंत गाड्यांची रांग लागते आणि तुमचा परतीचा बेत दुसऱ्यांच्या हातात जातो. आठवड्याच्या मधल्या वारी जा. काठी एक नाही, दोन, आणि उतरताना थोड्या लांब करून. नखं आदल्या दिवशी कापा. अण्णांच्या अंगठ्याचं नख बुटात आपटून काळं पडलं आहे.

सोमवारी ते जिना आडवे उतरत होते. मंगळवारी मांड्या जास्त दुखल्या, गुरुवारी थांबल्या. आता दोघं पहाटे पर्वतीला जातो, १०३ पायऱ्या, आणि मी त्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त सावकाश चालायला लावते. पुढच्या महिन्यातला एक बुधवार त्यांनी कॅलेंडरवर गोल करून ठेवला आहे. जीपने जाऊन कल्याण दरवाज्यापर्यंत गडावरच फिरू, असं मी म्हणते. जीप फक्त उतरायला, असं त्यांचं म्हणणं. अजून ठरलेलं नाही.